तडा कुठे होता

मी मेंडिंग घेतलं तेव्हा टेबलावरचे चौघं माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी मिसळीच्या हॉटेलात जाऊन नुसता पाव मागितलाय.

आधी थोडं सांगते, नाहीतर अर्धे लोक इथेच पळतील. आम्ही दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणायचं, बाकीचे एकेक पात्र घेऊन बसतात, आणि काही अवघड करायचं असलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी काढलेला हा खेळ, आणि तो आता नाशकात, सातपूरच्या अशोकनगरमध्ये आमच्या हॉलमध्ये चालतो, कारण बाकीच्यांच्या घरी एकतर तान्ही बाळं आहेत किंवा सासूबाई आहेत आणि आमच्याकडे फक्त अप्पा आहेत. अप्पा म्हणजे माझे वडील. एमआयडीसीत छत्तीस वर्षं फिटर होते, आता रिटायर, रविवारी दुपारी आतल्या खोलीत पेपर घेऊन पडलेले असतात आणि झोपलेत असं आम्हाला वाटत असतं.

तर मेंडिंग. माझं पात्र क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेने मंत्र म्हणणारी पुजारीण. क्लेरिकला पहिल्या लेव्हलला तीन कॅन्ट्रिप मिळतात. कॅन्ट्रिप म्हणजे छोटा मंत्र, जो दिवसभरात कितीही वेळा वापरा, संपत नाही. मोठे मंत्र मोजून मिळतात, हे म्हणजे एक्स्ट्रा कांद्यासारखे, मागाल तेवढे. सगळे क्लेरिकवाले डोळे झाकून सेक्रेड फ्लेम घेतात, त्याने शत्रू भाजतो, गायडन्स घेतात, त्याने दुसऱ्याच्या फाशाला मदत होते, आणि तिसरा उजेडाचा वगैरे. मी उजेडाच्या जागी मेंडिंग घेतलं. आमचा बार्बेरियनवाला, म्हणजे ज्याचं पात्र रानटी योद्धा आहे तो, म्हणाला, "भो, आपण ड्रॅगन मारायला चाललोय, शिलाई मशीन दुरुस्त करायला नाही."

आता हा मंत्र काय करतो ते ऐका. हात लावलेल्या वस्तूतली एक मोड किंवा एक फाट जोडतो. पुस्तकात उदाहरणं पण किती घरगुती आहेत बघा, तुटलेली साखळीची कडी, दोन तुकडे झालेली किल्ली, फाटलेला झगा, गळणारी दारूची कातडी पिशवी. तुटलेली जागा कुठल्याही बाजूने एक फुटापेक्षा मोठी नको. जोडल्यावर खूण राहत नाही. आणि जादूची वस्तू असेल तर वस्तू जोडली जाते, गेलेली जादू मात्र परत येत नाही. बस. एवढाच मंत्र. राक्षस, आग, विजा यांच्या त्या जाडजूड पुस्तकात कोणीतरी बसून दारूच्या पिशवीच्या गळतीचा विचार केलाय हे मला तेव्हाच फार आवडलं होतं.

आणि याला लागतो एक मिनिट. हे वाचायला काहीच वाटत नाही, पण या खेळात मारामारीचा एक राऊंड सहा सेकंदांचा असतो, म्हणजे एक मिनिट म्हणजे दहा राऊंड, आणि आमच्या बहुतेक मारामाऱ्या चार-पाच राऊंडात आटपतात, एकतर ते मेलेले असतात नाहीतर आम्ही. त्यामुळे लढाई चालू असताना मेंडिंगचा काडीचा उपयोग नाही. ढाल तुटली, जोड आता, असं होत नाही. सगळं शांत झालं, जखमा बांधून झाल्या, कोण चुकलं त्यावर भांडून झालं, की मग माझी बुटकी क्लेरिक एका कोपऱ्यात बसून कोणाच्या तरी खोगिराचा पट्टा जोडत असते. तिला तेव्हा कोणी काही विचारत नाही. घरात सगळे झोपल्यावर ब्लाउजचं हुक लावत बसलेली बाई असते ना, अगदी तशी.

बरं, याला सामान लागतं. दोन लोडस्टोन. म्हणजे निसर्गात सापडतो तो चुंबक दगड, मॅग्नेटाइट. माझ्याकडे खूप जुनं, १९७८ चं खेळाडूंचं पुस्तक आहे फोनमध्ये, त्यात तर दोन चुंबक किंवा मग दोन काटेरी फळं चालतील असं म्हटलंय, म्हणजे आपल्या गोखरूसारखी, पायजम्याला चिकटली की ओढून काढावी लागतात ती. मंत्र लिहिणाऱ्याने एवढाच विचार केला की जगात काय काय आपोआप चिकटतं. मला हे फार गोड वाटतं. तेव्हा हा पहिल्या लेव्हलचा मंत्र होता, म्हणजे मोजून मिळणाऱ्यातला. नंतर तो फुकटात आला.

चुंबकावरून आठवलं. लहानपणी आम्ही जुन्या स्पीकरचा चुंबक दोऱ्याला बांधून रेतीतून ओढायचो. बांधकामाला रेतीचा ट्रक पडला की गल्लीतली सगळी पोरं तिथे. चुंबकाला काळ्या चुऱ्याच्या मिशा फुटायच्या. आम्हाला वाटायचं हा लोखंडाचा कीस आहे, कुठल्यातरी कारखान्यातून आला असणार, सातपूरमध्ये दुसरं काय वाटणार. पण तो मॅग्नेटाइट असतो. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण, बेसॉल्ट, त्यात याचे बारीक कण असतात, दगड झिजला की ते नदीच्या रेतीत येतात, आणि जड असल्यामुळे एका जागी साठतात. म्हणजे माझ्या क्लेरिकला जे मंत्राचं सामान म्हणून पैसे देऊन घ्यावं लागतं ते मी पार्लेजीच्या पुड्यात भरून कपाटाखाली ठेवलेलं होतं. आईने ते झाडताना टाकून दिलं, तो विषय आमच्या घरात अजून बंद झालेला नाही.

असो. आता घंटेकडे येते, कारण खरी गोष्ट घंटेची आहे.

आमचा डीएम पंचवटीतला. त्यामुळे त्याच्या सगळ्या काल्पनिक शहरांमध्ये कुठे ना कुठे नदी, घाट आणि भाजी विकणाऱ्या बायका असतातच, नावं तेवढी परदेशी. यावेळी त्याने नदीकाठचं एक गाव काढलं आणि तिथल्या देवळावर टांगलेली एक मोठी घंटा. ऐकल्या ऐकल्या आम्ही ओळखलं. नारोशंकर. गोदाघाटावरचं रामेश्वराचं देऊळ, सरदार नारोशंकरांनी १७४७ मध्ये बांधलेलं, आणि त्याच्या दारावरची ती घंटा, जी वसईच्या विजयाची आहे असं नाशकात सगळे सांगतात, १७३९ ला चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हाची. माझी आजी माझ्या आत्याला नारोशंकराची घंटा म्हणायची, आत्या फोनवर बोलायला लागली की खरंच फोनची गरज नसते. आणि पुराचा जुना हिशोब पण त्या घंटेवरच. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, आणि नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं की महापूर. आता गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं त्याचा मेसेज ग्रुपवर येतो, तरी लोक विचारतात, मारुती कुठपर्यंत बुडाला? २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी बघायला गेले होते, मारुती जवळजवळ दिसेनासा झाला होता, आणि पुलावर माणसं जत्रेसारखी उभी.

डीएमच्या गावातली घंटा मात्र जादूची. पूर येणार असला की आदल्या रात्री आपोआप वाजते. आणि तिला तडा गेलाय. गावकरी सांगतात, हल्ली घंटेचा आवाज भद्द येतो, फुटक्या माठावर टिचकी मारल्यासारखा, पुजारी तर रडतोय. डीएमने सांगितलं तडा वीतभर आहे.

वीतभर! मी खुर्चीतून उठलेच. वीत म्हणजे नऊ इंच, म्हणजे एका फुटाच्या आत, म्हणजे मेंडिंग. पाच महिने पट्टे आणि बुटांचे तळवे जोडल्यावर पहिल्यांदा माझा मंत्र गोष्टीच्या मधोमध आला होता. आमच्यात एक रूल्सवाला वकील आहे, दर टेबलावर असतोच, तो लगेच सुरू झाला की घंटा सुटी वस्तू धरायची की देवळाचा भाग, तिसऱ्या एडिशनमध्ये, म्हणजे नियमांच्या जुन्या आवृत्तीत, तर एक पाउंडापेक्षा जड वस्तूला मेंडिंग लागतच नव्हतं, आणि धातूच्या वस्तूला एकच मोड असली तरच, माती आणि लाकडाला मात्र कितीही तुकडे चालायचे. हे ऐकून मला गंमत वाटली, कारण कुंभारवाड्यातला माणूस बरोबर उलटं सांगेल, मडकं फुटलं की संपलं, धातूचं काय ते बघता येईल. पण आम्ही पाचवी एडिशन खेळतो, तिथे वजनाची अट नाही. डीएमने मान हलवली. कर.

आणि आतल्या खोलीतून आवाज आला, "मटेरियल काय आहे?"

आम्ही सगळे गप्प. अप्पा पेपरच्या मागून बोलत होते.

"काका, घंटा आहे," डीएम म्हणाला.

"ते ऐकलं रे. बीड आहे का कासं?"

बीड म्हणजे कास्ट आयर्न, कासं म्हणजे घंटेचं मिश्रण, तांबं आणि साधारण पाचव्या हिश्श्याएवढं कथील. कथील जास्त असल्यामुळे आवाज गोड येतो आणि त्याच कारणाने ती काचेसारखी ठिसूळ होते. डीएम म्हणाला, कासं. अप्पा म्हणाले, "मग तडा वीतभर कशावरून? डोळ्याला दिसतो तेवढा वीतभर. टोक कुठेय ते तपासलं का?"

यावर आम्ही हसलो. काका, मंत्र आहे, मंत्र. अप्पा पण हसले आणि परत पेपरात गेले. मी मंत्र म्हटला, मिनिट मोजला, डीएमने वर्णन केलं की तडा दुधावरची साय मिटावी तसा मिटला, कुठे होता ते बोटाने चाचपून पण कळेना. घंटा वाजवली. आवाज असा की नदीपलीकडचे पक्षी उडाले. गावकऱ्यांनी आम्हाला खांद्यावर घेतलं, जेवण घातलं, पुजाऱ्याने मला चांदीची साखळी दिली. बार्बेरियनवाला म्हणाला, सॉरी, शिलाई मशीनवाली बाई. त्या रात्री मी व्हॉट्सअॅपचं स्टेटस पण टाकलं होतं, इतकी खूश.

तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही.

तीन रविवारांनंतर आम्ही त्याच नदीच्या खालच्या अंगाला होतो, दुसऱ्याच कामात, आणि डीएमने सांगितलं की पाण्यातून दारं वाहत येतायत. आधी एक दार, मग एक पाळणा, मग चौकटीसकट खिडकी. आम्ही वर गेलो तर गाव नाही. घंटा वाजली नव्हती. लोक निवांत झोपले होते, कारण घंटा नीट झाली होती ना, सगळ्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली होती. मंत्रात स्पष्ट लिहिलेलं होतं, वस्तू जुळते, जादू परत येत नाही. आम्ही ते मोठ्याने वाचलं पण होतं. वकिलाने तर दोनदा वाचलं होतं.

भांडण झालं. मी म्हटलं हा चीटिंग आहे, तू आम्हाला सांगायला हवं होतंस की जादू गेलीये. डीएम म्हणाला, तू विचारलं नाहीस. डिटेक्ट मॅजिक, जादू आहे की नाही ते ओळखायचा मंत्र, तुझ्याच यादीत आहे, दहा मिनिटं जास्त बसलीस तर तो रिच्युअल म्हणून फुकटात होतो, मंत्र खर्च होत नाही. मी म्हटलं, माझ्या डोक्यातच आलं नाही, घंटा इतकी छान वाजली. आणि मग तो जे म्हणाला ते मला रात्री झोपताना पण टोचत राहिलं. तो म्हणाला, तुटकी होती तोपर्यंत गावाला भीती होती. लोक रात्री आळीपाळीने नदीवर जाऊन काठीने पाणी मोजायचे, ते मी तुम्हाला पहिल्याच सीनमध्ये सांगितलं होतं, दोन म्हातारे काठी घेऊन बसलेत म्हणून. तू घंटा जोडलीस आणि म्हातारे घरी जाऊन झोपले.

खरंच सांगितलं होतं त्याने. मी वहीत लिहिलं पण होतं. "२ म्हातारे, काठी, बहुतेक मासेमारी."

त्या दिवशी सगळे लवकर गेले. अप्पा चहा घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, काय झालं, आवाज चढले होते. मी सगळं सांगितलं, राक्षसांचा भाग गाळून. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि जे सांगितलं ते त्यांनी मला आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे कंपनीच्या गोष्टी घरात आणायची पद्धत नव्हती.

कुठल्या कंपनीत ते जाऊ दे. पॉवर प्रेस होता, पत्रा दाबायचा, त्याच्या बॉडीला, बीडाच्या, क्रॅक गेला. अप्पांनी आणि त्यांच्या जोडीदाराने तो जोडला. बीड जोडणं म्हणजे देवाला बसवण्यासारखं आहे, अप्पा म्हणतात, घाई चालत नाही. आधी क्रॅकचं टोक शोधायचं. रॉकेल लावायचं, जरा वेळ मुरू द्यायचं, फडक्याने कोरडं पुसायचं, आणि वरून खडूची पूड. फटीत गेलेलं रॉकेल पुडीत वर येतं आणि एक ओली रेघ उमटते, डोळ्याला दिसत होती त्याच्या पुढे दोन-तीन इंच गेलेली. मग त्या खऱ्या टोकाला ड्रिलने भोक पाडायचं. लोकांना हे उलटं वाटतं, तडा गेलाय आणि वर भोक कशाला? पण तडा टोकाशी सुईसारखा असतो, सगळा ताण त्या सुईवर येतो म्हणून तो पुढे पळतो. भोक पाडलं की टोक गोल झालं, ताण पसरला, तडा थांबला. मग ग्राइंडरने त्याची व्ही काढायची, बॉडी गरम करायची, निकेलचा रॉड, इंच-इंच वेल्डिंग, प्रत्येक इंचानंतर हातोडीने हलके ठोके, आणि शेवटी राखेत नाहीतर चुन्यात पुरून ठेवायचं, रात्रभर, हळूहळू गार व्हायला. पटकन गार झालं की बाजूलाच नवीन तडा.

एवढं सगळं केलं. आणि दोन दिवसांनी पार्टी येणार होती, मोठं गिऱ्हाईक, प्लांट बघायला. तर वेल्डिंग घासून सपाट केलं, पुट्टी भरली, वरून हिरवा रंग. पार्टी खूश. मशीन नवं दिसत होतं. काही महिन्यांनी अप्पांची शिफ्ट बदलली, मग डिपार्टमेंट बदललं, जोडीदार गावी गेला, आणि त्या प्रेसवर जी नवीन पोरं आली त्यांना कोणी सांगितलंच नाही की याला कधी क्रॅक होता. मशीनचा आवाज बदलला तर ती पोरं बेअरिंग बघत बसली, बेल्ट बघत बसली, सगळं बघितलं, फक्त ती जागा सोडून, कारण ती जागा सगळ्यात चांगली दिसत होती. एक दिवस बॉडी तिथेच उघडली. कोणाला लागलं नाही, जेवणाची सुट्टी होती. अप्पा म्हणाले, "जेवणाची सुट्टी होती म्हणून." आणि चहा प्यायले.

तेव्हापासून त्यांनी एक सवय लावून घेतली. जोड कितीही साफ आला तरी त्याच्या बाजूला सेंटर पंचाने, म्हणजे हातोडीने ठोकायच्या टोकदार हत्याराने, तीन ठिपके मारायचे, ओळीत. रंग मारला तरी बोटाला लागतात. पुढच्या फिटरला पत्ता. बाबा रे, आवाज आला तर आधी इथे बघ. सुपरवायझर ओरडायचा, काम घाण दिसतं म्हणून. अप्पा म्हणायचे, बरं. आणि मारायचे.

हे ऐकल्यावर मी घरात फिरून आले. खोटं नाही सांगत. मिक्सरच्या बुडाशी तीन ठिपके आहेत. माझ्या लहानपणच्या सायकलच्या फ्रेमला आहेत, ती अजून गॅलरीत आहे. कुकरच्या कानाला आहेत. मला वाटायचं ते कंपनीचंच काहीतरी डिझाइन आहे.

मधल्या आठवड्यात मी बंब घेऊन तांबट लेनमध्ये गेले, म्हणजे जाणारच होते, आजीचा तांब्याचा बंब कधीपासून गळतोय. नाशकाची ही तांब्यापितळेची भांडी एके काळी लांब लांब जायची, आता ठोक्यांचा आवाज शोधावा लागतो, पण भांडी बाजाराच्या अंगाला अजून माणसं आहेत. त्या काकांनी बंब उचलला, पाणी वगैरे काही भरलं नाही, आधी फिरवून फिरवून एक जुना पॅच शोधला जो मला कधी दिसलाच नव्हता, काजळीखाली होता. मग त्याच्या कडेने नखाने ठोकत गेले. म्हणाले, "इथे आधी कोणीतरी हात लावलाय. चांगलं काम केलंय. आता बाजूचा पत्रा पातळ झालाय." मला झाळून पाहिजे होतं, स्वस्तात. ते नाही म्हणाले. एका जागी गळत असेल तर झाळतो, इथे पत्राच दमलाय, आज इथे डाग दिला की उद्या पलीकडे गळणार, पूर्ण बूड बदलावं लागेल. मी मनात म्हटलं, एक मोड, एक फूट, हे काका पण त्याच पुस्तकातले. बूड जोडताना दोन्ही पत्र्यांना दाते पाडतात, एकमेकांत अडकवतात, टाकणखार आणि पितळेचा कीस टाकून भट्टीवर झाळतात. जोडाची पिवळी नागमोडी रेघ कायम दिसते. मला आधी ती रेघ काढता येते का विचारायचं होतं. विचारलं नाही. (कोणीतरी आता मला ते जपानी लोक फुटक्या कपात सोनं भरतात ते सांगणार. नका सांगू. ते सुंदर दिसण्याबद्दल आहे, काजळीखालचा पॅच सुंदर नव्हता, तो फक्त तिथे होता.)

पुढच्या रविवारी वातावरण जरा ताणलेलंच होतं. वकील सलोखा करायला म्हणून फोनवर एक फोटो घेऊन आला, अमेरिकेतली ती प्रसिद्ध घंटा, फिलाडेल्फियाची लिबर्टी बेल, म्हणाला बघा, तडा गेलेली घंटा अशी दिसते, आणि हा तडा दोन फुटांचा आहे, म्हणजे मेंडिंग इथे चाललंच नसतं. अप्पा पाणी प्यायला बाहेर आले होते. त्यांनी चष्मा वर करून फोटो बघितला, दोन बोटांनी मोठा केला, आणि म्हणाले, "हा तडा नाहीये. हे काम आहे. कडा बघ. हत्याराच्या आहेत."

वकिलाला पटलं नाही. त्याने तिथेच शोधलं. आणि खरंच. घंटेला आधी बारीक तडा होता. १८४६ मध्ये वॉशिंग्टनच्या जयंतीला ती वाजवायची होती म्हणून कारागिरांनी तो मुद्दाम रुंद केला, फटीच्या दोन्ही कडा एकमेकांना घासून खरखर होऊ नये म्हणून. लोक फोटो काढतात ती रुंद फट म्हणजे दुरुस्ती. आणि ती वाजवल्यावर वरच्या बाजूने पुढे एक बारीक तडा गेला, केसासारखा, तो फोटोत धड दिसत पण नाही, आणि त्याने घंटा कायमची बंद झाली. अप्पांनी ते वाचून घेतलं, दोनदा. मग एवढंच म्हणाले, "टोक चुकलं त्यांचं," आणि आत गेले. आवाजात वाईट वाटल्यासारखं होतं, जसं काही कालच घडलंय आणि माणसं ओळखीची आहेत.

मग आम्ही खेळायला बसलो. मी डीएमला सांगितलं की माझी क्लेरिक परत त्या गावात जातीये. बार्बेरियनने कपाळाला हात लावला, कारण ड्रॅगन बरोबर उलट्या दिशेला होता. पण आले सगळे. पाणी ओसरलेलं, चिखल, घंटा तशीच टांगलेली, चकचकीत, एक ओरखडा नाही. डीएमने विचारलं, काय करतेस? जादू तर तुला आणता येत नाही, त्या लेव्हलची नाहीस तू.

मी म्हटलं, माहितीये. मला खूण करायचीये. तडा होता तिथे. पंचाने तीन ठिपके.

डीएमने माझ्याकडे बघितलं, मग वहीत बघितलं. "कुठे होता तडा?"

आणि मला आठवेना. कोणालाच आठवेना. वकिलाच्या वहीत लांबी होती, तारीख होती, डावीकडे की उजवीकडे नव्हतं. बोटाला काहीच लागत नव्हतं, लागणार कसं, मीच तसं केलं होतं. शेवटी डीएम म्हणाला, ठीक आहे, अंदाजाने मार, पण कासं आहे, ठिसूळ आहे, पंच मारलास तर नवीन तडा जाऊ शकतो, तेव्हा फासा टाक, दहाच्या वर हवा.

मी फासा उचलला.

"घंटेला कशाला मारतेस?" आतून आवाज. "ती ज्या तुळईला टांगलीये तिला मार. सागवान असेल."

डीएम थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने हात पुढे करून माझ्याकडून फासा मागून घेतला, वाटीत टाकला, आणि आतल्या खोलीकडे बघून विचारलं, "काका, तुळईला किती खोल?"